दारापासून खिडकीकडे

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या गणिताच्या बाईंचं. आईवडिलांनी वाढवलं, पोटाला चिमटा काढून शाळेत घातलं, ते आहेच. पण आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो बाईंमुळे. त्यांचं नाव इथे लिहायचं मनात होतं. परवा फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "नाव कायले टाकतं? ज्याले माहीत आहे त्याले माहीत आहे. अन् बाकीच्याइचंही टाकू नको." म्हणून या लेखात कोणाचंच नाव नाही.

बाई हिंगणघाटला आमच्या शाळेत गणित शिकवत. मला मात्र इथे त्यांच्या खेळाविषयी लिहायचं आहे. बाई पूल खेळत. हिरव्या कापडाचं टेबल, त्याला सहा पॉकेटं, पंधरा रंगीत बॉल आणि एक पांढरा. लांब स्टिकनं फक्त पांढऱ्याला मारायचं आणि त्याच्या धक्क्यानं बाकीचे पॉकेटात घालायचे. आमच्या जिल्ह्यात हा खेळ त्या काळी फार थोड्यांनी पाहिला असेल, आणि बाईमाणसाला खेळताना तर त्याहून थोड्यांनी. मी तीन काळांतल्या तीन बायकांचा खेळ ओळखतो. एकीचा नुसता ऐकला, एकीचा डोळे भरून पाहिला, तिसरीचा थोडा आकसानं पाहिला. या तिघींत मोठी कोण, यावर मी चहाच्या टपरीवर जितका वाद घातला तितका राजकारणावरही घातला नाही. त्या वादापायीच माझ्या हातून एक चूक झाली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी बारावीत गणितात नापास झालो. वडील कापसाच्या जिनमध्ये कामाला होते. निकालाच्या दिवशी ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. जेवताना एवढंच म्हणाले, "मुकादमाले बोलून ठेवलं. सीझन लागला का येजो मायासंग." दुसऱ्या दिवशी आई भाजीबाजारात बाईंना भेटली. तिथे दोघींचं काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही, पण संध्याकाळी निरोप आला: ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भर, आणि रोज चार वाजता क्लबात ये.

क्लब म्हणजे गावातल्या एका गिरणीचा ऑफिसरांचा क्लब. गिरणीला उतरती कळा लागली होती. ऑफिसर दोन-चार उरले होते आणि तेही क्लबात फिरकत नसत. बाईंचे वडील तिथले मार्कर. टेबलाची निगा राखायची, खेळणाऱ्यांचे गुण मांडायचे, खडू, स्टिक जागेवर ठेवायच्या, हे मार्करचं काम. ते निवृत्त झाले तरी मागच्या क्वार्टरमध्ये राहत होते आणि किल्ली त्यांच्याकडेच होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं. बापाला एकटं टाकून जायचं नव्हतं म्हणून, असं गावात म्हणत. खरं काय ते मी विचारलं नाही.

क्लबाच्या त्या मोठ्या खोलीत पंखा होता, उजेड होता आणि गुण मांडायचा काळा फळा होता. त्या फळ्यावर बाईंनी मला बारावीचं गणित पहिल्यापासून शिकवलं. "आधी कच्चं कर," हा त्यांचा मंत्र. "कच्च्यात चूक दिसते. फेअरमध्ये चूक लपते." चार ते साडेपाच गणित. मग मला दहा उदाहरणं देऊन त्या पदर कमरेला खोचत, कोपऱ्यातली आपली स्टिक घेत आणि एकट्याच खेळायला लागत. मी बाकावर बसून उदाहरणं सोडवत असे. खरं सांगायचं तर पाच सोडवत असे आणि पाच बॉल पाहत असे.

पण खेळ सुरू व्हायच्या आधी एक विधी होता. बाईंचे वडील, त्यांना सगळे बाबाजी म्हणत, ब्रश घेऊन यायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरी टेबलाशी आले की त्यांना आंधळं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. दिवाळीपासून होळीपर्यंत हिंगणघाटच्या हवेत कापसाची रुईच असते. सकाळी धुतलेल्या काळ्या टोपीवर दुपारी पांढरा थर दिसतो. ती रुई, आणि बाकीचे महिने धूळ, टेबलाच्या कापडावर बसे. बाबाजी ती ब्रशनं काढत, पण नेहमी एकाच दिशेनं. दारापासून सुरू करायचं आणि खिडकीशी संपवायचं. ब्रश उचलायचा, परत दाराकडे यायचं. उलटा हात कधी नाही. आठवड्यातून एकदा जड इस्त्री फिरे, तीही तशीच.

"काऊन बाबाजी, दोन्हीकडून मारलं त लवकर साफ होईन न," मी एकदा म्हणालो.

"ये इकडं. हात ठेव." त्यांनी माझा तळवा कापडावर ठेवून खिडकीकडे ओढला. मग उलटा आणला. "काय लागलं?"

"जाताना मऊ. येताना खरखर."

"जाताना मखमल, येताना दाढी. कापडाले लव रायते बाबू. लव जिकडं झोपली, हळू बॉल तिकडं वळते. जोरात मारणाऱ्याले काई फरक नाई पडत. पण हळू मारणाऱ्याचा सारा संसार त्या लवेवर."

बाईंचा सगळा खेळ हळू मारण्याचा होता. त्या पॉकेटावर नेमच धरत नसत. पॉकेटाच्या बाजूला, रिकाम्या जागेवर नेम धरत आणि बॉल इतक्या हलक्या हातानं सोडत की तो मध्येच थांबणार असं वाटे. शेवटच्या वीतभर अंतरात तो आपोआप वळे, पॉकेटाच्या तोंडाशी क्षणभर विचार करे आणि आत पडे. मी इतकी वर्षं गणित शिकवतो आहे, पण त्या वळणाइतकं सुंदर काही मला फळ्यावर काढता आलेलं नाही.

खिडकीच्या टोकाला कापडावर एक तपकिरी डाग होता, इस्त्रीच्या नाकाचा. फार वर्षांपूर्वी इस्त्री करता करता बाबाजींना कोणी हाक मारली आणि ते तिथे क्षणभर इस्त्री विसरले. चाळीस वर्षांच्या नोकरीतली माझी एकच चूक, असं ते सांगत.

बाबाजींच्या मते जगातली सगळ्यात मोठी पूल खेळणारी बाई त्यांची मुलगी नव्हती. ती होती गिरणीच्या एका जुन्या इंजिनिअरची बायको. साठ सालाच्या आसपासची गोष्ट असावी. तिला सगळे बाईसाहेब म्हणत. दर गुरुवारी दुपारी क्लब फक्त बायकांसाठी असे. बाकीच्या पत्ते खेळत, बाईसाहेब टेबलावर. समोर खेळायला मार्करशिवाय कोणी नाही.

मी मुद्दाम विषय काढत असे. "बाबाजी, बाईसाहेब मोठ्या का आपल्या बाई मोठ्या?"

"बाईसाहेब." उत्तर तयारच असे.

"ऐकलं?" बाई स्टिकच्या टोकाला खडू लावत म्हणत. "तीस वर्षं झाले, इमान अजून तिकडंच आहे."

"बाईसाहेबाचा बॉल आवाज नोता करत. तुया बॉल बोलते."

"पण तुमी त मुद्दाम हारत होते न त्याइच्यासंग?"

बाबाजींनी ब्रश खाली ठेवला. "मार्करनं मेंबरले जिंकाचं नसते. रीत होती तशी. पण पोरी, हाराले बी समोरचा चांगला लागते. वाईटासंग नीट हारता येत नाई."

बाई खळखळून हसल्या. मीही हसलो. पण मला तेव्हा कळलं नाही की त्या हसण्याच्या मागे बाईंचा स्वतःचा एक प्रश्न बसला होता. तो मला ऑक्टोबरच्या निकालानंतर कळला. मी पास झालो होतो. पेढे घेऊन क्लबात गेलो. बाबाजींनी पेढा खाल्ला, माझ्या डोक्यावर हात फिरवला, तोही कपाळापासून मागे, एकाच दिशेनं, आणि झोपायला गेले. बाई टेबलाच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "मी बरी खेळते का रे?"

"बाई, तुमच्यासारखं कोणीच नाही."

"तेच म्हणून राह्यली मी. कोणीच नाई." त्या हसल्या नाहीत. "बाईसाहेबाले जितवणारा मार्कर होता. त्या खऱ्या किती खेळत, देवाले माहीत. माया वक्ताले ऑफिसरच्या बायका होत्या. दोन डाव खेळल्या, हारल्या, अन् मार्करच्या पोरीसंग हाराचं नाई म्हणून पत्त्यावर जाऊन बसल्या. मंग मी एकटीच. एकट्या माणसानं आपली उंची कायनं मोजाची?" त्यांनी एक बॉल हातानंच पॉकेटात ढकलला. "एकदा चांगल्या खेळणारीसंग खेळाचं आहे. हारली तरी चालते. पण मले कळलं पाह्यजे."

त्याच सुमाराला आमच्या गल्लीत केबल आली होती. एका दुपारी खेळांच्या चॅनेलवर परदेशातल्या बायकांचा पूलचा सामना दाखवत होते. मी धावत जाऊन बाईंना बोलावून आणलं. शेजाऱ्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून त्यांनी तो सामना शेवटपर्यंत पाहिला. घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या तर त्यांनी नजर न हलवता कप घेतला. उठताना म्हणाल्या, "चांगल्या आहेत. पण कापड पाह्यलं का? लवच नाई. काचेवर खेळून राह्यल्या साऱ्या." आणि जिना उतरताना, स्वतःशीच, "मले नसतं जमलं. का जमलं असतं?"

मी वर्ध्याला बी.एस्सी. केलं, मग बी.एड. झालं आणि देवळीच्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागलो. नेमणुकीचा कागद आधी बाईंना दाखवला, मग घरी नेला. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो कागद उघडून नुसता हातात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

दोन हजार सालानंतर गिरणीचा क्लब बंद झाला. बाबाजी त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. क्लबाचं सामान विकायला निघालं तेव्हा माझ्या कॉलेजच्या एका मित्राला मी ते टेबल घ्यायला लावलं. त्याच्या घरचं देवळीत कापडाचं दुकान, पण त्याला कापडात रस नव्हता. त्यानं वर्ध्याला कॉलेजांच्या रस्त्यावर वरच्या मजल्यावर पूल पार्लर काढलं होतं. दोन नवी टेबलं, निळ्या, गुळगुळीत कापडाची. त्यात हे जुनं तिसरं. टेबल ट्रकवर चढवताना बाई आल्या होत्या. त्यांनी घरून आणलेली सुती चादर त्यावर अंथरली, चारही बाजूंनी खोचली आणि ट्रक निघायच्या आत वळून गेल्या.

पार्लरमध्ये जुन्या टेबलाकडे कोणी फिरकत नसे. "स्लो आहे बे, चिखलावानी," तिथे येणारे कॉलेजचे पोट्टे म्हणत. पण सकाळी पार्लर उघडायच्या आधी तासभर तिथे एक मुलगी खेळायची. माझ्या मित्राची धाकटी बहीण. घरात तिला छोटी म्हणत. इंजिनिअरिंगला होती. जीन्स, केस वर बांधलेले, आणि स्टिक अशी चालवायची की बॉल पॉकेटात जाताना तोफेसारखा आवाज व्हायचा. ती बाहेरगावच्या स्पर्धांनाही जाऊन आली होती, तिथेही समोर मुलंच. माझा मित्र तिचं कौतुक करायचा आणि मला ते कौतुक सहन व्हायचं नाही.

"अबे, तुया त्या बाई," मित्र टपरीवर म्हणायचा, "छोटीसमोर दहा मिनिटं टिकणार नाई. लिहून घे."

"तू बाईचा खेळ पाह्यला नाई म्हणून बोलून राह्यला."

"अन् तू बाईचाच पाह्यला म्हणून बोलून राह्यला. तुले त त्याइचं हातात स्टिक धरणंबी देवपूजा वाटते."

त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मला जास्त राग यायचा. एकदा हा वाद छोटीसमोरच झाला. मला वाटलं ती हसेल. पण तिनं स्टिक खाली ठेवली. "भैया, मॅडम खरंच येतील? मले लेडीज कोणी भेटतच नाही खेळायला. पोट्टे हरले की म्हणतात, मुलगी म्हणून सोडली. जिंकले तर म्हणतात, पाहा. मी नेमकी कशी खेळते, मलाच माहीत नाही."

मी चमकलो. हाच प्रश्न मी क्लबात दहा वर्षांपूर्वी ऐकला होता. त्याच रविवारी हिंगणघाटला जाऊन मी बाईंना सांगितलं. त्या तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या. उठून त्यांनी आपली स्टिक आणली. मग म्हणाल्या, "टेबल कोणतं?"

"आपलंच. बाबाजीचं."

"मंग येते."

ठरलेल्या रविवारी मी सकाळी सातलाच पार्लरमध्ये हजर झालो. बाईंची चादर काढली. कापडावर धूळ, खडूची पूड. मनात बाबाजींचं नाव घेतलं आणि ब्रश उचलला. नियम मला पाठ होता. दारापासून सुरू, खिडकीशी शेवट. ब्रश उचलायचा, परत दाराकडे. उलटा हात नाही. मित्राच्या घरून जड इस्त्री मागवून ठेवली होती. ती दारापासून खिडकीकडे चांगली दहा वेळा फिरवली. घाम आला. मला वाटलं, माझ्याकडून गुरुदक्षिणा म्हणतात ती हीच.

बाई बसनं आल्या. नेहमीची सुती साडी, आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली आपली स्टिक. वर आल्या तेव्हा मित्र, छोटी आणि रोजचे सहा-सात पोट्टे उभे होते. बाईंनी कोणाशी बोलायच्या आधी टेबलाशी जाऊन तळवा कापडावर ठेवला आणि फिरवला. हात मध्येच थांबला.

"इस्त्री कोणी केली?"

"मी, बाई!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "बाबाजीनं शिकवलं तशी. दारापासून खिडकीकडे."

बाईंनी दाराकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग माझ्याकडे. पोट्टे पाहत होते.

"चांगली केली," त्या म्हणाल्या आणि पदर खोचला. "कर सुरू, पोरी."

जी आधी तीन डाव जिंकेल ती जिंकली, असं ठरलं होतं. पहिल्या डावात बाईंचा पहिला हळू बॉल निघाला. मी मित्राला कोपरानं ढोसलं, आता पाहा. बॉल गेला, गेला, शेवटच्या वीतभरात वळायला लागला, पण पॉकेटापासून दूर. कडेला टेकून थांबला. मला वाटलं, हात बसला नाही अजून. दुसरा तसाच. तिसरा अर्ध्यातच दम तोडून थांबला. छोटी आली की धाड धाड बॉल पॉकेटात. तिला कापडाशी काही देणंघेणंच नव्हतं. बाई पहिला डाव हरल्या. दुसऱ्यात त्यांनी हळू मारणं सोडून छोटीसारखंच जोरात मारलं आणि जिंकल्या. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या आवडल्या नाहीत, कारण तो बाईंचा खेळ नव्हता. तिसरा छोटीनं घेतला. चौथ्यात दोघींचा एकेक बॉल उरला आणि पाळी बाईंची होती. त्यांनी खूप वेळ नेम धरला. आणि पुन्हा हळूच मारला. बॉल पॉकेटाच्या तोंडाशी आला, क्षणभर थांबला आणि बाहेर वळला.

छोटीनं शेवटचा बॉल घातला, स्टिक टाकली आणि बाईंच्या पाया पडली. बाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. "तुले कोणी सोडत नाई पोरी. मी त सोडली नाई. तू चांगली खेळतं. आजपासून कोणाचं ऐकू नको." छोटीचे डोळे भरून आले. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं.

स्टँडवर बस लागायला वेळ होता. मी मान खाली घालून उभा होतो. बाई म्हणाल्या, "तू काऊन तोंड पाडून राह्यला? माया मनातलं झालं. कळलं मले. क्लबात कोणी नोतं म्हणून मी मोठी होती." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला ते खरंच वाटलं. बस सुटली.

टेबलावर चादर घालायला मी परत पार्लरमध्ये गेलो. चादर उलगडली आणि थांबलो. इस्त्रीच्या नाकाचा तो तपकिरी डाग समोर होता. दाराच्या टोकाला. क्लबात तो खिडकीच्या टोकाला असे. टेबल पार्लरमध्ये उलटं मांडलं गेलं होतं. जिथे खिडकी होती तिथे आता दार होतं. मी जन्मभर पाठ केलेला नियम तंतोतंत पाळला होता आणि चाळीस वर्षं एका दिशेनं झोपलेली लव दहा वेळा इस्त्री फिरवून उलटी बसवली होती. बाईंच्या प्रत्येक हळू बॉलला मीच बाहेर ओढलं होतं.

मी कोणालाच सांगितलं नाही. छोटीचा आनंद हिरावला जाईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला बाईंसमोर उभं राहायची लाज वाटत होती. दर दिवाळीला भेटायला जायचो. खेळाचा विषय निघाला की दुसरा काढायचो.

सहा-सात वर्षं गेली. मित्रानं पार्लर बंद करायचं ठरवलं आणि जुन्या टेबलाचं काय करायचं ते विचारायला मला बोलावलं. छोटी माहेरी आली होती, कडेवर मूल. मी चादर काढली आणि न ठरवता तळवा कापडावर ठेवून डागाकडे ओढला. त्या दिशेला मखमल असायला हवी होती. हाताला दाढी लागली. मला, एका अनाडी माणसाला, एका क्षणात लागली.

मग बाईंना लागली नसेल?

त्यांचा थांबलेला हात मला पहिल्यांदा खरा दिसला. त्यांनी दाराकडे पाहिलं होतं, खिडकीकडे पाहिलं होतं, आणि मग माझ्याकडे. "परत इस्त्री कर" एवढं म्हटलं असतं तर अर्ध्या तासात लव पुन्हा बसली असती. पण पोट्टे बघत होते आणि मी छाती काढून उभा होतो. ज्या एका डावासाठी त्या आयुष्यभर थांबल्या होत्या, तो त्यांनी माझी मान खाली जाऊ नये म्हणून तसाच खेळला.

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी शाळेत जायच्या आधी पत्र लिहिलं. आधी कच्चं केलं, त्यांनी शिकवल्यासारखं. म्हणून त्याची प्रत माझ्याकडे उरली आहे.

बाई,

पाया पडतो.

एक उदाहरण चुकलं आहे, ते सांगायला लिहितो आहे. त्या रविवारी पार्लरमधल्या टेबलावर मी उलटी इस्त्री केली होती. टेबल फिरवून मांडलं होतं, डाग दाराकडे आला होता, आणि मी दार पाहून सुरुवात केली, डाग पाहून नाही. बाबाजींचा नियम पाठ होता, पण तो दाराचा नव्हता, कापडाचा होता, हे कळलं नाही. हे मला त्याच दिवशी समजलं आणि मी सांगितलं नाही. सात वर्षं लपवलं.

काल हात फिरवून पाहिला तेव्हा दुसरी गोष्ट समजली. लव उलटी बसली आहे हे तुम्हाला खेळायच्या आधीच कळलं होतं. बाबाजी मेंबरांसमोर हरत, ती रीत होती. तुम्ही माझ्यासाठी हरलात, ती कोणाचीच रीत नव्हती. स्टँडवर तुम्ही म्हणालात की कळलं. बाई, आपला खेळ किती मोठा ते तुम्हाला कळलंच नव्हतं, आणि मीच कळू दिलं नाही. आजवर तुम्ही माझ्याशी खोटं बोललात ते त्याच एका दिवशी.

पहिल्या ओळीत चिन्ह चुकलं की खालचं उत्तर बरोबर दिसलं तरी कापायचं, हे तुम्हीच शिकवलं. म्हणून तो निकाल मी कापतो आहे. छोटीला काल सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मॅडमनी एक डाव माझ्यासारखा खेळून जिंकला, मला त्यांच्यासारखा एकही खेळता आला नसता." तिला हळू बॉल शिकायचा आहे, पण आधी नीट हरायचं किंवा नीट जिंकायचं आहे.

टेबल या महिन्याअखेरपर्यंत जागेवर आहे. कापड तेच आहे. ब्रश आणला आहे, इस्त्री आणली आहे, पण मी हात लावलेला नाही. या वेळी लव तुम्ही बसवा. मी डागाच्या टोकाला उभा राहतो, म्हणजे चुकायला नको. पोट्टे नसतील. छोटी, तुम्ही आणि कापड.

तुम्ही विचारलं होतं, मी बरी खेळते का रे. मी तेव्हा भक्ती केली, उत्तर दिलं नाही. उत्तर मला येत नाही. ते टेबलावरच आहे.

रविवारी सकाळच्या पहिल्या बसनं या. स्टिक उशीच्या अभ्र्यातच आणा, पाऊस आहे. मी स्टँडवर आहे.

तुमचा,
ऑक्टोबरचा विद्यार्थी